अनुदान मंजूर दिसतं, खात्यात येत नाही: पैसे कुठे अडकतात आणि कोणाकडे जायचं

चोपडा तालुक्यातल्या एका तरुण शेतकरी भावाने विचारलं आहे: वडील दोन वर्षांपूर्वी वारले. सात-बारा अजून त्यांच्याच नावावर आहे आणि पीएम किसानचे हप्ते बंद झालेत. वडिलांच्या हयातीतच एक गट माझ्या नावावर झाला होता. त्यात ठिबक बसवलं, मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन केलेली पाहणी, होऊन आठ महिने झाले, अनुदान नाही. अतिवृष्टीची मदत शेजारच्या बांधाला आली, मला नाही. तहसीलवाले म्हणतात कृषीकडे जा, कृषीवाले म्हणतात बँकेत जा. एक एजंट पाच टक्क्यांवर सगळं करून देतो म्हणतो. काय करू?

भाऊ, मी कृषी खात्यात पर्यवेक्षक म्हणून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत नोकरी केली. निवृत्त झाल्यावरही लोक कागद घेऊन येतातच. तुमच्या पत्रात अडचणी तीन आहेत, पण तुम्ही त्यांची एकच तक्रार करून फिरताय. म्हणून प्रत्येक टेबलवाला तुम्हाला पुढच्या टेबलाकडे पाठवतोय, आणि खरं सांगायचं तर त्यातला प्रत्येक जण आपल्यापुरता बरोबरच बोलतोय. पीएम किसानचा पैसा दिल्लीहून निघतो, ठिबकचा पुण्याच्या कृषी आयुक्तालयातून, अतिवृष्टीचा तहसीलदारांच्या यादीवरून. तिन्हींची वाट वेगळी आणि अडायची जागाही वेगळी. शेवटचा दरवाजा मात्र एकच आहे, तो म्हणजे आधारला जोडलेलं बँक खातं. म्हणून सुरुवात तिथून करू.

बँकेत "माझं आधार लिंक आहे का" असं विचारलं की क्लार्क स्क्रीन बघून "आहे" म्हणतो आणि आपण घरी येतो. पण तो बघतो ते फक्त खात्याला आधार क्रमांक नोंदवलाय की नाही एवढंच. सरकारी पैसा जातो तो एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेच्या नोंदीवरून. तिथे एका आधारापुढे एकाच बँकेचं नाव असतं, ज्या बँकेने शेवटी सीडिंग, म्हणजे त्या नोंदीत आधारला खातं जोडण्याचं काम, केलं तिचं. तुम्ही अर्जाला कोणतं पासबुक जोडलं याला तिथे किंमत नाही.

पारोळ्याकडच्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. पिशवीत तीन पासबुकं आणि तोंडात एकच प्रश्न, "मना पैसा कथा गयात, भाऊ?" म्हणजे माझे पैसे गेले कुठे? तलाठ्याच्या यादीत त्यांच्या नावापुढे रक्कम जमा दिसत होती, आणि तिन्ही पासबुकं भरून आणली तरी एकातही ती नोंद नव्हती. नातवाच्या मोबाइलवरून आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंगची स्थिती बघितली, तर चौथ्याच बँकेचं नाव निघालं. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन मोबाइलवरचं पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं, आणि अनुदानाचे पैसे याच खात्यात हवेत, या ओळीपुढची खूण तशीच राहिली होती. मागचे हप्ते, कापसाची मदत, सगळं त्या खात्यात पडून होतं. पैसे बुडाले नव्हते, पण आजी वर्षभर तहसीलच्या पायऱ्या चढत होत्या.

तेव्हा तुमचं आणि आईचं, दोघांचं सीडिंग आजच बघा. आधारच्या वेबसाइटवर ओटीपी टाकून लॉगिन केलं की बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की बंद, दोन्ही दिसतं. साध्या फोनवरून *९९*९९*१# लावूनही कळतं. नाव भलत्याच बँकेचं असेल तर आधी तिथले पैसे काढा. मग हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे अनुदान थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंगचा फॉर्म भरा आणि फॉर्मच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. काही दिवसांनी स्थिती परत तपासा. केवायसी जुनी झाली म्हणून खातं गोठवलेलं नाही ना, हेही त्याच फेरीत विचारून घ्या.

आता वडिलांच्या सात-बाराकडे येतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग गोष्ट ही आहे आणि तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे.

पीएम किसानचा नियम असा की जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर हवी. त्यानंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने नावावर आलेल्या जमिनीवर हप्ता मिळत नाही. फक्त वारसाने आलेल्या जमिनीला यातून सूट आहे, म्हणजे तुमच्या घरचा हक्क शाबूत आहे. पण वडिलांच्या नावाची नोंदणी आपोआप आईकडे जात नाही. सात-बारावर तिचं नाव लागायला हवं आणि तिने नवा अर्ज करायला हवा. तो अर्ज ज्या चार महिन्यांच्या टप्प्यात होईल तिथून पुढचे हप्ते मिळतात, मागचे नाहीत. चार महिन्यांचा हप्ता दोन हजारांचा. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढेच पैसे मिळतात, त्यालाही आपण मुकतो. वारस नोंदीला उशीर करताना चार-चार महिन्यांनी चार हजार रुपये हातचे जातात, हा हिशेब डोक्यात ठेवा.

शिवाय या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. आई एक कुटुंब, लग्न झालेला भाऊ दुसरं, तुम्ही तिसरं. वारसाने नाव लागलेला प्रत्येक सज्ञान वारस आपापल्या कुटुंबापुरता अर्ज करू शकतो. मात्र तो आयकर भरणारा, सरकारी नोकर किंवा महिना दहा हजार वा त्याहून जास्त पेन्शन घेणारा नसावा. चतुर्थ श्रेणीला नोकरी आणि पेन्शनच्या या अटीतून सूट आहे. नवरा-बायको दोघांनी वेगवेगळा अर्ज करू नये. तशी प्रकरणं २०२५ मध्ये पडताळणीसाठी थांबवली गेली आहेत.

वारस नोंद आपल्याकडे रेंगाळते ती दोन समजुतींमुळे. पहिली, सोसायटीचं कर्ज फिटल्याशिवाय नाव लागत नाही. तसं काही नाही. बोजा इतर हक्काच्या रकान्यात राहतो आणि नावं लागतात. दुसरी, बहिणी सही करतील की नाही. वारस नोंदीला बहिणींची हक्कसोड लागत नाही, उलट त्यांची नावं लागायलाच हवीत. आई, मुलगे, मुली सगळे वारस आहेत, आणि एखाद्या बहिणीचं नाव लपवून केलेली नोंद पुढे वर्षानुवर्षं प्रांताकडच्या अपिलात अडकते. हे मी यावल, रावेर, अमळनेर सगळीकडे बघितलंय. बहिणीला मनाने हक्क सोडायचा असेल तर ते नोंदणीकृत हक्कसोडपत्र नंतर करता येतं. तिला सोडायचा नसेल तर तो तिचा अधिकार आहे, त्यावरून घरात तोंड पाडून बसू नका.

कायद्याने मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसाची वर्दी द्यायची असते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडे अर्ज द्या, किंवा महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवरून ऑनलाइन करा. फेरफार नोंदला की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज देऊन विसरू नका, फेरफार क्रमांक मागून घ्या. वाटणी त्यानंतर करा. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली होते.

नवीन सात-बारा हातात आला की आधी आईचा शेतकरी ओळख क्रमांक काढा. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना तो सक्तीचा झालाय. त्यानंतर पीएम किसानचा अर्ज. त्याला वडिलांच्या नावाचा २०१९ आधीचा सात-बारा, वारसाचा फेरफार, चालू सात-बारा आणि आधार लागतं. आधारवरचं नाव आणि सात-बारावरचं नाव जुळतंय का बघा. आपल्याकडे बायाबापड्यांची नावं सात-बारावर सखुबाई, आधारवर सखूबाई आणि बँकेत सकुबाई अशी असतात. तलाठ्याला नाव लिहून देताना आधार समोर ठेवा, म्हणजे पुढची दुरुस्ती वाचेल. आणि वडिलांच्या मृत्यूनंतरचा एखादा हप्ता त्यांच्या खात्यात आला असेल तर तो काढू नका. तालुका कृषी कार्यालयाला लेखी कळवा. नाही तर वसुलीची नोटीस येते आणि आईचा अर्ज त्यात अडकू शकतो.

आता ठिबक. केंद्राच्या योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. त्यावर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य अनुक्रमे २५ आणि ३० टक्के पूरक देतं. एकूण ८० आणि ७५ टक्के, पाच हेक्टरपर्यंत. ही टक्केवारी तुमच्या बिलावर नसते. लॅटरलच्या, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या नळीच्या, अंतराप्रमाणे शासनाने ठरवलेला जो मापदंड खर्च आहे, त्यावर ती असते. बिल मापदंडापेक्षा मोठं असेल तर वरचा सगळा बोजा तुमचा. वितरक "ऐंशी टक्के परत" सांगतो तेव्हा हे सांगत नाही, आणि खात्यात रक्कम आल्यावर माणसाला वाटतं कोणीतरी मधे खाल्ली. दुसरं, केंद्राचा वाटा आणि राज्याचं पूरक अनुदान पुष्कळदा वेगवेगळ्या वेळी जमा होतं. तुमच्या खात्यात आधीच काही रक्कम पडली असेल आणि तुम्ही ती दुसऱ्याच कशाची समजला असाल, तर वर्षभराचं स्टेटमेंट काढून बघा.

आठ महिने थांबलेल्या प्रकरणात माझ्या अनुभवाप्रमाणे दोनच शक्यता असतात. पहिली, फाइल कार्यालयातच आहे. मोका तपासणीला माणूस येऊन फोटो काढून गेला म्हणजे अहवाल अपलोड झाला असं नाही. बिलावरचा लॅटरलचा मीटर आणि शेतात मोजलेला मीटर जुळत नसेल, बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असेल, सात-बारावर विहिरीची किंवा बोअरची नोंद नसेल, तर फाइल त्रुटीत जाते. महाडीबीटी या राज्याच्या अर्जांच्या पोर्टलवर ती त्रुटी दिसते, मोबाइलवर मेसेजही येतो. पण अर्ज भरताना सेवा केंद्रवाल्याने स्वतःचा नंबर टाकला असेल तर मेसेज त्यालाच जातो. महाडीबीटीवर तुमच्या नावापुढे कोणाचा मोबाइल आहे, ते आधी बघा.

दुसरी शक्यता, फाइल पूर्ण आहे आणि निधी नाही. सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती या तिन्ही प्रवर्गांचा निधी वेगळा येतो आणि एकाचा दुसऱ्याला वापरता येत नाही. त्यामुळे एकाच गावात, एकाच महिन्यात, एकाच वितरकाकडून ठिबक घेतलेल्या दोघांत एकाला मिळतं आणि दुसरा थांबतो. यात तालुक्याच्या साहेबांशी भांडून काही होत नाही.

म्हणून तालुका कृषी कार्यालयात गेल्यावर "माझं अनुदान कधी येणार" असं विचारू नका, त्याला "निधी आल्यावर" हेच उत्तर मिळतं. अर्ज क्रमांक दाखवून विचारा: अहवाल कोणत्या तारखेला अपलोड झाला, फाइल सध्या कोणाच्या लॉगिनला आहे, त्रुटी कोणती. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराखाली हेच तीन प्रश्न लिहून द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. आठवडाभरात फाइल हललेली मी अनेकदा बघितली आहे, कारण लेखी तारीख द्यायची म्हटलं की फाइल उघडावी लागते.

एक गोष्ट मनापासून सांगतो. ठिबकचं अनुदान येणार म्हणून खासगी सावकाराकडून किंवा वितरकाच्या उधारीवर व्याजाने पैसे उचलू नका. पूर्वहंगामी कापूस लावायची घाई मला कळते, मे महिन्यात लॅटरल अंथरलं नाही तर हंगाम हुकतो. पण शेकडा तीन रुपये महिन्याचं व्याज वर्षभर चाललं तर ऐंशी टक्क्यांतला मोठा हिस्सा तिथेच जातो. पुढच्या वेळी एवढं धरून चला की अनुदान वर्षभराने येईल, आणि तोवर खिशाला झेपेल तेवढ्याच क्षेत्रात बसवा. एकदा घेतलं की त्याच क्षेत्रावर सात वर्षं परत मिळत नाही, म्हणून स्वस्तातली पातळ नळीही घेऊ नका.

अतिवृष्टीच्या मदतीचा रस्ता महसूलचा. ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये हे आपत्ती निधीचे दर आहेत, दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकार कधी मर्यादा तीन हेक्टर करतं. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक मिळून पंचनामा करतात, तहसीलमधून यादी चढते आणि प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक पडतो. त्यालाच आपल्याकडे व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्यायचा, मग पैसे सुटतात. शेजाऱ्याला आले आणि तुम्हाला नाही, तर नाव यादीतच नाही, का नाव आहे आणि अंगठा राहिलाय, एवढंच आधी काढा. यादी ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे बघायला मिळते. २०२५ च्या अतिवृष्टीत शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना वेगळ्या ई-केवायसीतून सूट होती, म्हणून ज्यांच्याकडे तो होता त्यांचे पैसे आधी पडले. तुमच्या शेजाऱ्याचं असंच झालं असणं शक्य आहे.

वडिलांच्या गटाचं नुकसान मृत माणसाच्या नावावर लागलं असेल तर तो पैसा अडकणारच, तिथे पुन्हा वारस नोंदच आडवी येते. नावं लागल्यावर खातं सामाईक होईल. तेव्हा मदत एकाच्या खात्यात घ्यायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. २०२३ च्या खरिपाच्या कापूस-सोयाबीन मदतीत, हेक्टरी ५,००० रुपये दोन हेक्टरपर्यंत अशी ती होती, खानदेशात कितीतरी सामाईक खाती केवळ भावाभावांनी सह्या दिल्या नाहीत म्हणून राहिली. ज्यांच्या सात-बारावर त्या हंगामाची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरची पिकाची नोंद, नव्हती तेही सुरुवातीला यादीबाहेर पडले. ई-पीक पाहणी २०२१ पासून आपल्या हातात आहे. बांधावर उभं राहून फोटो काढायला दहा मिनिटं लागतात आणि मदत, विमा, हमीभावाची खरेदी, सगळं त्या नोंदीवर टेकलेलं आहे. मुदत संपायच्या आत करा, शेवटच्या दोन दिवसांत ॲप चालत नाही.

बँकेने मदतीचे पैसे पीक कर्जात वळते केले तर मुकाट बसू नका. मदतीच्या शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेलं असतं की यातून वसुली करू नये. तो निर्णय जोडून शाखाधिकाऱ्याला आणि तहसीलदारांना अर्ज द्या.

केळीच्या विम्याचं तुम्ही विचारलं नाही, पण चोपड्याचे आहात म्हणून सांगतो. थंडी आणि उष्णतेसाठी फळपीक विमा हवामानावर चालतो, पंचनाम्यावर नाही. तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरलेले सलग दिवस थंडी किंवा उष्णतेची मर्यादा ओलांडली गेली तर भरपाई लागते. तुमच्या बागेत किती घड वाया गेले याची मोजणी त्यात होत नाही. मंडळ बदललं की आकडा बदलतो, मग बांध शेजारी असला तरी.

तुमचे कोणी नातेवाईक वर सातपुड्यात वनपट्ट्यावर शेती करत असतील, अक्राणी, अक्कलकुवा, शिरपूरच्या बाजूला किंवा तुमच्याच तालुक्याच्या उत्तरेला, तर त्यांना सांगा की वनहक्क कायद्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो आणि पीएम किसानमध्ये पट्टाधारक बसतात. त्यांचं अडतं ते सात-बाराच्या रकान्यात. सेवा केंद्रवाला "गट नंबर नाही" म्हणून परत पाठवतो. त्यांनी पट्ट्याची प्रत घेऊन थेट तहसील कार्यालयात जावं, सेवा केंद्रात वेळ घालवू नये.

एजंटाबद्दल. सरकारी योजनेत त्याला करता येण्यासारखं एकही काम असं नाही, जे तुम्हाला करता येत नाही. महाडीबीटीच्या अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे आहे. सीडिंगचा फॉर्म फुकट, वारस नोंदीला मुद्रांक शुल्क नाही. तो पाच टक्के मागतोय ते बहुतेक वेळा अशा फाइलसाठी, जी आधीच मंजुरीच्या उंबऱ्यावर आहे हे त्याला कोणीतरी सांगितलंय. पैसे पडले की म्हणतो माझ्यामुळे पडले. त्याला ओटीपी, कोरा चेक किंवा सही केलेला कोरा कागद काहीही देऊ नका. दिला असेल तर बँकेला आजच कळवून चेक थांबवा.

येत्या सोमवारी तहसीलला जायच्या आधी तलाठ्याकडे जा आणि वारसाचा अर्ज देऊन टाका. आईला बरोबर न्या. तिच्या नावाचं स्पेलिंग तिच्यासमोर, आधार बघून लिहून घ्या.